चॅनेल तीन आणि चॅनेल सात

चॅनेल तीनची डेटा पॅकेट्स पुन्हा गळायला लागली आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

महापेच्या आमच्या लॅबमध्ये क्लायंटचे बत्रासाहेब सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते. आमचा सर्किट बोर्ड चाचणीत पास झाला तर पुढचं काम आम्हाला, नाहीतर दुसऱ्या कंपनीला. लोड कमी असला की सगळं सुरळीत. लोड वाढवला की चॅनेल तीन ओसंडून जायचं आणि चॅनेल सात रिकामं बसायचं. डेटा पाठवणारा भाग माझा होता, घेणारा मेघना ठाकूरचा. आणि प्रोजेक्ट लीड मेघना होती.

हे मला गिळता येत नव्हतं. मी तिच्या चार वर्षं आधी लागलो होतो. ती उरणजवळच्या मोऱ्याची. वडिलांचा फोन आला की "बाबा, कामात हाय, मंग बोलू" म्हणायची आणि लगेच क्लायंटशी तितक्याच सहज इंग्रजीत. मला साताऱ्याहून इथे येऊन बावीस वर्षं झाली, तरी क्लायंटसमोर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. मीटिंगमध्ये मी काही मांडलं की आमचे मॅनेजर दिघेसर मान हलवायचे आणि विचारायचे, "मेघना, तुला काय वाटतं?" दुपारी तिच्या डब्याभोवतीसुद्धा गर्दी. मी माझा डबा डेस्कवर खायचो.

आता थोडं तांत्रिक. एकाच वाटेने दहा चॅनेल्सचा डेटा जातो. घेणारा प्रत्येक चॅनेलबद्दल पाठवणाऱ्याला सतत सांगत असतो: उपाशी आहे, अजून थोडं चालेल, किंवा पोट भरलं, थांब. याला फ्लो कंट्रोल म्हणतात. गंमत अशी की निरोपात चॅनेलचा नंबर नसतो. कुणाचा निरोप कितवा येणार, हे आधीच ठरलेलं असतं. त्या क्रमाला कॅलेंडर म्हणतात. दोन्ही बाजूंचं कॅलेंडर एकच हवं. नाहीतर पोट भरतं एकाचं आणि जेवण थांबतं दुसऱ्याचं.

साडेदहाला मी दोन्ही कॅलेंडर्स शेजारी शेजारी उघडली. मेघनाच्या यादीत तीन आणि सात माझ्यापेक्षा उलटे होते. सापडलं! ती माझ्यापासून पाच पावलांवर बसली होती. मी उठलो, दोन्ही याद्यांचा प्रिंटआउट काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन वाजता रिव्ह्यू होता. दिघेसर असणार, बत्रा असणार. तिथे काढू म्हटलं.

एकच्या सुमारास ती माझ्या डेस्कशी आली. तिने डबा उघडलाच नव्हता.

"शिर्के, तुम्हाला काही दिसतंय का? मी बफरची लिमिट तीनदा बदलून बघितली."

"नाही. बघतोय अजून," मी म्हणालो.

रिव्ह्यूमध्ये मी कागद टेबलावर ठेवला. "मेघनाच्या कॅलेंडरमध्ये तीन आणि सात उलटे पडलेत," शक्य तितक्या शांतपणे म्हणालो. बत्रांनी कागद उचलला.  मेघनाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"शिर्के, चॅनेल्सची ही ऑर्डर मी तुमच्या डॉक्युमेंटमधून घेतलीय."

खाली माझंच नाव. मग आठवलं. काही महिन्यांपूर्वी माझ्या बाजूची जोडणी सोपी व्हावी म्हणून मीच तीन आणि सातची अदलाबदल केली होती. डॉक्युमेंट उद्या बदलू म्हटलं, ते राहिलं.

"हे तुम्हाला दिसलं कधी?" दिघेसरांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं, पण प्रिंटआउटच्या कोपऱ्यात वेळ छापलेली होती आणि तो बत्रांच्या हातात होता.

"साडेदहाला," मी म्हणालो.

 बत्रांना मराठी फारशी येत नाही, पण तेवढं कळलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बदलू की तुमच्याकडे?" मेघनाने विचारलं.

"माझ्याकडे."

कोअर, म्हणजे बोर्डावरचं डेटा हलवणारं सर्किट, चालू असताना कॅलेंडर बदलत नाहीत. मी कोअर बंद केला, दोन ओळी बदलल्या, पुन्हा चालू केला. फुल लोडवर तासभर ठेवला. एकही पॅकेट गळलं नाही. बत्रांनी सही केली आणि मेघनाशी हात मिळवून गेले.

निघताना ती माझ्याजवळ थांबली. "ऑर्डर चुकली त्याचं काही नाही, शिर्के. माझ्याकडूनही होतं. पण दुपारी मी तुम्हाला विचारलं होतं."



काम आम्हाला मिळालं. मेघनाने दोन्ही बाजूंसाठी कॅलेंडरची एकच फाइल ठेवायचा नियम केला. मी अजून तिच्याच हाताखाली आहे. तिचा हेवा वाटायचा थांबला म्हणालो तर ते खोटं होईल. एवढंच शिकलो, की इंटरफेसमध्ये, म्हणजे दोन बाजू जिथे जुळतात तिथे, चूक दिसली की ती कुणाची याचा विचार न करता आधी सांगून टाकावी. बाजू दोनच असतात. चूक आपलीच निघायची शक्यता अर्धी.