माधव सरांची क्रियापदं

वारंगा फाट्यावर बसची वाट पाहत होते, तेव्हा शाळेच्या क्लार्कचा फोन आला. "मॅडम, माधव सर गेले. हार्टचं झालं. उद्या शोकसभा हाय." त्याला महिना झाला. दुःख थोडं निवळलं, पण त्या सभेची किळस काही जात नाही. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, सरांनी विद्यार्थ्यांसाठी आजन्म ब्रह्मचर्य पाळलं. समोर माना डोलल्या... आणि त्यातल्या एकूणएक माणसाला खरं काय ते ठाऊक होतं.

तीन वर्षांमागे आमच्या गोरेगाव खेड्यातल्या शाळेत माधव सर दहावीला इंग्रजीची जोडक्रियापदं शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "सर, मोबाइलवर एक हिरो 'कम आउट' झाला म्हणतेत. कुठून बाहेर आला?" सरांनी सरळ सांगितलं: आपलं मन पुरुषावर जातं की बाईवर, हे लपवणं सोडून लोकांना सांगणं. "तुमी असं कुणी पाह्यलं का, सर?" "व्हय. मीच हाय," असं म्हणून ते पुढच्या क्रियापदाकडे वळले.

तिसऱ्या दिवशी पालक शाळेत आले. मुलांना कॉपी पुरवायला खिडकीला लटकणारे हेच पालक, त्या दिवशी संस्कारांवर बोलत होते. ते गेल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "लग्न करा, सर. निघून जाईल हे."

"वय वाढलं की सुटून जाणं, त्याला इंग्रजीत 'ग्रो आउट ऑफ' म्हणतेत," माधव सर शांतपणे म्हणाले. "पण ते शर्टाचं असतं. शर्ट लहान होतो, माणूस न्हाई."

मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी सायन्सच्या. तुमी तरी समजावा."

मला सायन्स येत होतं. काय बोलायला हवं, तेही येत होतं. "माझा तास आहे," म्हणून मी उठले. तास नव्हता. पालकांची मला कीव येते, त्यांना कळत नव्हतं. माझी तेवढीही येत नाही.

सरांची दहावी काढून घेतली, पाचवीची एबीसीडी दिली. ती त्यांनी शेवटपर्यंत मन लावून शिकवली.

सभेनंतर मी साखऱ्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, रुक्मिणताईंकडे गेले. त्यांनी कोनाड्यातून सरांची क्रियापदांची वही काढली. "मला वाचता येत न्हाई. काय लिवलंय बघा." 'कम आउट'खाली सरांनी इंग्रजीत स्वतःच्याच आयुष्यातली उदाहरणं लिहिली होती. पहिलं मी मराठीत वाचलं: मी बहिणीला सांगितलं. तिनं चहा ठेवला.

"व्हय, ठेवला होता," रुक्मिणताई वहीवरून हात फिरवत म्हणाल्या. "मंग काय करावं? लेकरू उन्हातून आलतं."