सांगा तिले, सोंगटी मेली

महाराष्ट्र होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. मी जळगाव जामोदला महिला मंडळ काढायला आले आणि वर्षभर चौसर खेळत बसले. खेळत म्हणजे, सोंगट्या मी हलवत नव्हते. मी फक्त बोलत होते. मंडळात त्या वर्षी मोजून सात बाया आल्या. चौसरीला मात्र माझा खाडा नाही. लोक हसले. हसोत.

खोली मिळाली ती गोजरबाईच्या अंगणात. बाई साठीची, माळ्याची. आठवडी बाजारात शिरलं की भाजीची पहिली बैठक तिची. वांगं नुसतं हातात घेऊन आतली कीड सांगायची. अंगणाच्या पलीकडच्या दारात तिची धाकटी जाऊ तानुबाई. दोघी विधवा, एकाच विहिरीवर दोघींचे मळे, आणि दोघींत अकरा वर्षांचा अबोला. कारण विचारलं तर गोजरबाई म्हणाली, "तिनं माह्या माहेरच्या लुगड्याले पोतेरं म्हनलं." तानुबाईला विचारलं तर ती म्हणाली, "होतंच तं पोतेरं!"

पण नव्या सुना असताना सासऱ्यानं दोघींना चौसर शिकवली होती, आणि गल्लीत तिसऱ्या कुणाला ती धड येत नव्हती. मग करता काय? दुपारची जेवणं झाली की अंगणात कापडी पट पसरायचा. गोजरबाईच्या काळ्या-पिवळ्या सोंगट्या, तानुबाईच्या लाल-हिरव्या. सहा कवड्या टाकायच्या, उताण्या किती पडल्या ते पाहून दान सांगायचं. आणि मधे बोलायला एक माणूस. आधी हे काम गोजरबाईची सून करायची, ती वैतागली होती. मी ट्रंक खाली ठेवली तशी तिनं मला पटाशी नेऊन बसवलं.

"पुढारीनबाई, सांगा तिले, तिची सोंगटी मेली."

हातभर अंतरावर बसलेल्या तानुबाईला मी सांगायची, "तुमची सोंगटी मेली."

"सांगा तिले, मेली तं मेली. तिच्यावानी तोंड पाडून बसत नाई मी."

"त्या म्हणतात, तुमच्यासारखं..."

"आइकलं मी! बहिरी नाई!"

मी चौथी पास. पुढचं सगळं सभांमधून आणि पुड्यांच्या कागदांवरून शिकले. मामलेदाराला त्याच्या कचेरीत सुनावून आलेली बाई, आणि इथं दोन म्हाताऱ्यांचं टपाल वाहत होते. एकदा चिडून मी गप्प बसले, तर दोघी मिळून माझ्यावरच उलटल्या. डाव माझ्यापायी अडला म्हणे!

दिवाळी झाली आणि गोजरबाई एक नवंच करायला लागली. कवड्या पडल्या की त्यांवर तळहात ठेवायचा, एकेकीवरून बोट फिरवायचं, मग दान सांगायचं. तानुबाई भडकली. "सांगा तिले, पडल्या कवडीले हात लावाचा नाई. उलट्या करून राह्यली ते."

"सांगा तिले, माह्यासंगंच शिकली तू. मले शिकवू नको."

चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी स्वतः पाहिलं. उताण्या पडल्या तीन, आणि ही म्हणाली चार. माझं डोकं फिरलं. चोरी मला सरपंचाची खपली नव्हती, तर हिची का खपावी?

"गोजरबाई, लाज वाटत नाही या वयात चोरी करताना?" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी बोलले.

तिनं पट गुंडाळला आणि भिंतीला हात लावत आत गेली. चौसर बंद झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तानुबाई माझ्या दारात उभी. "पुढारीनबाई, अक्कल कुठं ठेवून आल्या तुमी?"

मी उसळलेच. ती म्हणाली, "दमानं घ्या. त्या दिशी तिनं माही हिरवी सोंगटी आपल्या हातानं घरात नेली. आपली कायी सोंगटी समजून. दुसऱ्याचं घर भरते असा चोर पाह्यला का कुठं? माहा फायदाच होता, म्हनून मी चूप बसली." मग तिचा आवाज खाली आला. "तिले दिसत नाई, बाई. कायी कोनती अन् हिरवी कोनती, समजत नाई तिले."

कानाखाली बसल्यासारखं झालं मला. इतके महिने तिच्यासमोर मांडी घालून बसत होते! बाजारात ती प्रत्येक भाजी चाचपून पाहायची, तराजूचा काटा हल्ली सून पाहायची. सगळं समोर होतं.

माफी मागायची मला सवय नाही. तरी गेले. म्हटलं, "मोतीबिंदू असेल. पौषात इथल्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे. नाव घालते तुमचं."

"मले दिसते."

मी तिच्यासमोर बोटं धरली. "किती?"

"तुमचे बोटं मोजत बसू का? कामं नाईत का मले?"

मी हटले नाही. मग ती खाटेच्या कडेला टेकली. "अर्जुनाले समजलं तं बाजारात नाई बसू देनार तो. म्हनंल, बस घरात. घरात बसून मी काय करू व माय?"

अर्जुनराव तिचा मुलगा. आईच्या काळजीनंच तिला कोंडून ठेवील असा. आणि हे शिबिर चुकलं तर पुढचं कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नावं शनिवारी बंद होणार होती, आणि अर्जावर सोबतीच्या बाईचं नाव लागत होतं. सात दिवस डोळ्यांवर पट्टी. तिची लेक सासरी, उंद्रीला बाळंत झालेली, सुनेवर मळा आणि गुरं, माझ्यावर शिबिराचीच कामं.

"मंग राहू द्या," गोजरबाई म्हणाली. "कोनी नाई मले."

अंगणापलीकडून आवाज आला. "सांगा तिले, नाव लिवाचं असंल तं तानुबाई शालिग्राम लिवा."

"सांगा तिले, मले कोनाची गरज नाई."

पण नाव खोडा असं काही म्हणाली नाही. मी लिहून टाकलं.

शिबिरात वर्गावर्गात सतरंज्या टाकून माणसं ओळीनं निजवली होती. ऑपरेशन झालं. चार दिवस तानुबाई तिला चमच्यानं पेज भरवायची, मुकाट्यानं. ही मुकाट्यानं तोंड उघडायची. काही हवं असलं की हाक मला. पाचव्या दिवशी उठायची परवानगी मिळाली, तेव्हा मी नेमकी पाण्याच्या पिंपावरून व्यवस्थापकाशी भांडत होते. मैदानातून पाहते तर दोघी व्हरांड्यात. तानुबाईनं तिचा दंड धरलेला, डोळे मला शोधताहेत. मी लांब. आणि गोजरबाईनं पाय पुढं टाकला.

"पायरी हाये!"

गोजरबाईचा पाय तसाच अधांतरी राहिला. मग ती म्हणाली, "दिसते मले."

"डोयावर पट्टी, अन् म्हने दिसते! ठेव पाय. अजून खाली. हां."

मी पुढं गेले नाही. व्यवस्थापकाशी आणखी थोडं भांडले.

पट्टी सुटली त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, काय दिसतं?"

गोजरबाई डोळे बारीक करून बघत राहिली. डॉक्टरांकडं नाही. "तानू, बुढी झाली व तू."

"अन् तू काय नवरी हायेस? निज गपचूप, डाक्टर सांगून राह्यले तं."

होळीच्या आधीच्या बाजारात गोजरबाई जाड भिंगांचा चष्मा लावून आपल्या जागेवर बसली. अर्जुनराव आडवा आला होता. त्याला दोघी जावांनी मिळून असं झापलं, की मला तोंड उघडायची गरजच पडली नाही.