फाटक्या लुगड्यातला फोटो

"काय म्हणतेय ही बाई?" पाहुण्याने मला इंग्रजीत विचारलं.

ही बाई म्हणजे माझी आई. त्याला ते ठाऊक नव्हतं.

आई आमच्या दारात उभी होती. अंगावर फाटकं लुगडं. हात ओल आलेल्या भिंतीवर. "साहेब, ह्यो कोपरा बगा. पावसात सगळं पाणी हितनंच आत येतंय. भित कवा बसंल सांगता येत न्हाई. घर तेवढं मंजूर करा."

माझ्या शेजारी रिसॉर्टचे मालक उभे होते. बेळगावचे. मराठी त्यांना माझ्याइतकंच कळतं. हसू न मोडता ते हळूच म्हणाले, "सांग, या बसा म्हणतेय."

मी सांगितलं. ती तुमचं स्वागत करतेय.

पाहुणे खूश झाले. एकाने भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या. एक बाई बुटांसकट आत गेली आणि तिने चुलीवरच्या टोपाचं झाकण उचललं. आत उकडलेले कंद होते. आमचं जेवण. तिने वाकून त्याचा फोटो काढला. मग आईचा. आई ताठ उभी राहिली, हलली नाही.

मी रिसॉर्टवर पाहुण्यांशी इंग्रजी बोलायला नोकरीला होते. बाने जंगलात वनखात्याची मजुरी करून मला रामनगरच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी लाजरी. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. पण इंग्रजीत निघतो, कारण तिथे बोलायची वाक्यं पाठ असतात. सुपा धरणाचं पाणी त्या बाजूला, जंगल या बाजूला, नाश्ता आठ वाजता. त्या शनिवारी 'गाव बघायला' गाडी काढली, पण कुणाच्या घरी ते मला सांगितलं नव्हतं. गाडी आमच्या वाटेला वळली तेव्हा मी मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुझंच तर घर आहे. विचारायचं काय त्यात?"

आईचं काय झालं, ते आमच्याकडच्या कुणालाही लगेच कळेल. आमच्या वाडीत बूट घातलेली, हातात मोबाइल घेतलेली माणसं एकाच कामाला येतात. घरकुलाच्या पाहणीला. घरवाल्याला दारात उभं करतात, फोटो काढतात, जातात. मागच्या खेपेला शेजारची मावशी चांगलं लुगडं नेसून उभी राहिली. तिला म्हणाले, "तुमचं तर बरं चाललंय की." तेव्हापासून गाडीचा आवाज आला की वाडीतल्या बायका आत पळतात आणि फाटकं नेसून बाहेर येतात.

आईने मला गाडीतून उतरताना पाहिलं होतं. तरी तिने मला हाक मारली नाही. तिला वाटलं, पोरगीच साहेबांना घेऊन आली. ओळख दाखवली तर वशिला दिसेल, काम अडेल. म्हणून माझी आई माझ्यासमोर परकी होऊन उभी राहिली.

आमचा जिल्हा किनारपट्टीचा म्हणतात. समुद्र कारवारला. आमच्या आईने तो बघितलेला नाही. जिल्हा पुढे चालला, पर्यटन वाढलं, असं मीच पाहुण्यांना सांगायची. आमच्या घराखालची जमीन कागदोपत्री जंगल. तिथे सिमेंटची गोणी नेली तर वनखात्याच्या नाक्यावरून परत. रिसॉर्टच्या मातीच्या खोल्या बाहेरून शेणाने सारवलेल्या आहेत आणि आतून सिमेंटच्या. ते सिमेंट त्याच नाक्यावरून आलं. ती बाहेरची सारवण करायला आमच्याच वाडीतल्या बायका जातात.

संध्याकाळी घरी आले. आईने चांगलं लुगडं नेसलं होतं. चेहरा उजळलेला.

"काय म्हणाले गं साहेब? कवा मंजूर व्हणार?"

"साहेब नव्हते ते, आई. फिरायला आलेले."

"मग फोटू?"

"असाच काढला."

ती चुलीकडे वळली. चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "असाच? मग मला सांगायचं न्हाई व्हय? म्या कशाला फाटकं नेसलं असतं?"

बा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "नोकरी सोडू नगंस हां." तेही खरंच होतं. दुसरी नोकरी म्हणजे गोव्याची हॉटेलं. नाहीतर सारवण.

पुढच्या शनिवारी गाडी पुन्हा आमच्या वाटेला वळली. नवे पाहुणे. आई या वेळी आतच बसली. मालक मला म्हणाले, "तिला बाहेर बोलव. आणि मागच्या वेळचंच लुगडं नेसायला सांग. फोटो झकास आलेत."

मी उंबऱ्यावर उभी राहिले. पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत बोलले. पाठ नसलेलं. "हे माझं घर आहे. आत माझी आई आहे. मागच्या शनिवारी असेच पाहुणे आले, तेव्हा ती स्वागत करतेय असं मी खोटंच सांगितलं. ती त्यांना सरकारी माणसं समजून पक्कं घर मागत होती. आम्हाला बांधायची परवानगी नाही. आता आत यायची परवानगी तुम्हाला नाही."

एक पाहुणा खाली बघत गाडीत जाऊन बसला. एकाने विचारलं, मग दुसरं घर आहे का?

"उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले.

दुसरं घर होतं. खालच्या वाडीत. तिथे आता दुसरी मुलगी इंग्रजी बोलते. बा माझ्याशी बोलत नाही. भिंतीची ओल वर चढतेय.

मी गोव्याला गेलेले नाही. जाणार नाही. दारोदार जाऊन एवढंच सांगते, कॅमेरा दिसला की आधी विचारा, तुम्ही कोण? बोलताना अजून अडखळते. काही दारं तोंडावर लागतात. तरी जाते. जमिनीच्या हक्काचा प्रश्न ग्रामसभेत मीच उभी राहून विचारणार, उत्तर मिळेपर्यंत दर सभेत.

आमचं घर इथेच बांधलं जाईल. सिमेंटचं. त्याच्या दारात आई चांगलं लुगडं नेसून उभी राहील आणि तो फोटो मी काढीन. तोवर या दाराचा फोटो कुणालाच काढू देणार नाही.