रायरांच्या कानटोप्या

"डोकं केवढं?"

आमच्या ऑफिसात कोणाला मूल झालं की बाकीचे विचारत, मुलगा की मुलगी. रायर विचारत, डोकं केवढं. नवा बाप गोंधळून दोन्ही हातांनी हवेत नारळ धरल्यासारखं काहीतरी दाखवी. रायर त्या हवेकडे बारकाईने पाहत आणि मान डोलावत. "सरि. मार्गळीच्या आत देतों."

रायर हे त्यांचं नाव नव्हे. तंजावरकडच्या मराठी माणसाला मद्रासची तमिळ मंडळी रायर म्हणतात. पुण्याहून बदलून आलेला मीही तेच म्हणू लागलो. भरघोस मिशांचा हा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत दहीभाताचा डबा धुऊन ठेवी, सायकलच्या आऱ्या घासून केलेल्या दोन सुया काढी आणि विणायला बसे. टिक टिक टिक. तान्ह्या मुलांच्या कानटोप्या. स्वेटर नाही, मफलर नाही, दुसरं काहीच नाही.

मद्रासमध्ये लोकरीची टोपी! तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. पण मार्गळीत, म्हणजे आपल्या पौषाच्या सुमाराला, पहाटे ट्रिप्लिकेनच्या रस्त्याने गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. पुणेकराला उपरणंसुद्धा लागू नये अशा हवेत इथली धडधाकट माणसं कानाला मफलर गुंडाळून दुधासाठी उभी असतात. "वारा कानानेच आत शिरतो की हो," रायर म्हणत. "कान झाका. बाकीचं देव पाहून घेईल."

लोकर मूर मार्केटातून येई. परत गेलेल्या साहेबांचे जुने स्वेटर आणून ते उसवत. त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या तान्ह्या मुलांना बाटलीहिरव्या, राखी, मरून अशा पेन्शनीत निघालेल्या कर्नलाच्या रंगाच्या टोप्या मिळत.

मिळत, पण किती मुलांच्या डोक्यावर चढत कोण जाणे. तरुणपणी रायर क्षयाने आजारी होते. डोंगरावरच्या दवाखान्यात वर्षं काढून बरे झाले होते. पडल्यापडल्या हाताला काम हवं म्हणून तिथल्या नर्सबाईंनी त्यांना विणायला शिकवलं. ही गोष्ट ते स्वतःच मोठ्या कौतुकाने सांगत. आम्ही हसून टोपी घेत असू आणि घरी नेऊन काय करायचं ते करत असू.

माझ्या मुलीची टोपी मी घरी नेली आणि बायकोला म्हटलं, "आधी उकळ."

"लोकर उकळतात होय?" ती म्हणाली.

"त्यांना क्षय होता. उकळ."

उकळलेली टोपी वाळल्यावर लिंबाला बसेल एवढी झाली.

दुसऱ्या दिवशी रायरांनी विचारलं, "बसली?"

"जरा लहान झाली."

"अय्यो! माझं माप चुकलं?" त्यांचा चेहरा असा पडला की मला त्यांचाच राग आला. लहान झाली तर झाली, एवढं काय? पण रविवारी ते दारात हजर. मुलगी चटईवर काडेपेटीशी खेळत होती. त्यांनी दोऱ्याने माप घेतलं आणि तिथेच मांडी घालून टाके घातले. "सुयांचा आवाज आला की पोरं वळून बघतात हो, सुई धरायलाच येतात," ते म्हणाले. आमची मुलगी वळली नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूला बसून पाहिलं. तिच्या पाठीमागे जाऊन पाहिलं. सुया डोळ्यांसमोर आल्या तेव्हा ती खुदकन हसली. रायर हसले नाहीत. कॉफी घेतली आणि गेले.

पुढच्या रविवारी ते टोपी घेऊन आले. ही नीट बसली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा हजर. "कानाशी जरा उसवायला हवं." मग परत एकदा. टोपी उसवायची, विणायची, आणि माझ्या मुलीच्या मागे बसून टिक टिक करत राहायचं.

"तुमच्या रायरांना घरी कोणी नाही का?" बायको वैतागली.

ऑफिसात ते माझ्या टेबलाशी येत. "एक सांगायचं होतं की हो."

"टोपीचंच ना? नंतर बोलू."

"होय, टोपीचंच," म्हणत आणि परत जात. आजही आठवलं की मी चरफडतो. अहो, धडपणे बोला ना! माणसाने किती भिडस्त असावं? पण मोकळेपणाने लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो. ते काय सांगणार हे मला ठाऊक होतं. एका सकाळी माझ्या हातून पितळी तांब्या तिच्या पाठीशीच फरशीवर आदळला होता. शेजारची मामी "काय झालं?" म्हणून ओरडली. मुलगी काडेपेटीशी खेळतच राहिली. बायको पाण्याला गेली होती. मी तांब्या उचलून जागेवर ठेवला आणि कोणाला काही बोललो नाही.

थोड्याच दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, हाक मारली तर ही बघत नाही."

"कानटोपी आहे ना तिच्या डोक्यावर," मी म्हणालो. "ऐकू कसं येणार?"

तिला ते पटलं. त्या दिवसापासून टोपीची सर्वांत जास्त काळजी मी घेऊ लागलो. मार्गळी सरली, ऊन तापलं, पोरीच्या मानेवर घामोळं उठलं, तरी मी नाड्या बांधतच होतो.

"अजून घालता?" रायरांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, कान झाका."



मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला ऑफिसातले चौघे-पाचजण घरी आले. पंखा नव्हता, सगळे सदऱ्यांनी वारा घेत होते, आणि पाटावर बसलेली माझी मुलगी बाटलीहिरव्या टोपीत लालबुंद झाली होती. औक्षण झालं. रायर उठले, तिच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि त्यांनी नाड्या सोडल्या. टोपी काढून खिशात घातली. मग तिच्या पाठीमागे जाऊन रिकामं पितळी ताट उचललं आणि त्यावर सुई हाणली. एकदा. पुन्हा एकदा. खोलीतले सगळे दचकले. मुलगी निरांजनाकडे बघत होती.

बायकोच्या हातातली करंज्यांची थाळी कलती झाली. तिने एकदा मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं, माझ्यासकट.

मी रायरांवर ओरडलो. माझ्याच घरात, सगळ्यांसमोर. "तुमची टोपी आम्ही उकळली होती, कळलं? सगळेच उकळतात! नाहीतर फेकून देतात! क्षयाच्या माणसाची टोपी कोण घालणार पोराला?"

पाहुण्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. तेवढ्याने रायरांना माझं म्हणणं खरं असल्याचं कळलं असणार.

"तुमची उकळलेली ठाऊक होतं," ते सावकाश म्हणाले. "उकळल्याबिगर लोकर तशी आकसत नाही. बाकीच्यांचं ठाऊक नव्हतं." चप्पल घालताना ते बायकोकडे वळले. "अम्मा, पोरीला मोठ्या डॉक्टरला दाखवा. उद्याच."

दाखवलं. कान जन्मापासूनच तसे होते, उपाय नव्हता. पण लवकर आणलंत, शिकवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. 'लवकर' हा शब्द ऐकताना बायको माझ्याकडे बघत नव्हती. पुढे शाळेत मुलगी तमिळ ओठ वाचायला शिकली, आणि मराठी तिला आईने आरशासमोर बसवून शिकवली.

रायर माझ्यापासून दोन टेबलांवर बसत राहिले. सुट्टीत डबा धुऊन ते आता वर्तमानपत्र वाचत. ऑफिसात पुढेही पोरं झाली, पेढे वाटले गेले. रायरांनी पेढा घेतला, मापाचं काही विचारलं नाही. माझ्याशी कामापुरतं बोलत, कधी वाकडं बोलले नाहीत. एकदा तरी शिवी द्यायची होती त्यांनी! म्हणजे मलाही तोंड उघडता आलं असतं. रोज सकाळी मी एक वाक्य जुळवून नेई आणि संध्याकाळी तसंच परत आणी.

ते रिटायर होऊन तंजावरला निघाले तेव्हा मी मुलीला घेऊन एग्मोर स्टेशनवर गेलो. या वेळी बोलायचंच असं ठरवून गेलो होतो. ते खिडकीशी बसले होते. मी नमस्कार केला. "प्रवासाला पाणी घेतलंत ना?" म्हणालो. ते "हो की" म्हणाले. मी पुन्हा तोंड उघडलं तोच गाडीने शिट्टी दिली, वाफ फुसफुसली, हमाल ओरडू लागले. गाडी हलली. रायर खिडकीतून वाकून काहीतरी म्हणाले. मी कानामागे हात धरून डब्याबरोबर चाललो, मग पळालो. एक अक्षर ऐकू आलं नाही. फलाट संपला तिथे मी उभा राहिलो.

मुलगी मागून धावत आली आणि तिने माझा हात धरला.

मी तिच्यासमोर वाकून ओठ हलवून विचारलं, काय म्हणाले?

तिने तिच्या त्या जाड, अडखळत्या आवाजात सांगितलं, "बाबांना... घरी ने."