तहखान्यातली तीन कुटुंबं

फोन नितीनचा होता. "आई गेली," एवढंच म्हणाला आणि मग जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरेल का, ते विचारू लागला... मी तळमजल्यावर राहतो, त्याची आई नलिनीताई मेश्राम तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. लखनौच्या इंदिरा नगरातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. फुप्फुसं निकामी होत गेली तसा ताईंचा वावर आधी गच्चीपुरता, मग घरापुरता, शेवटी ऑक्सिजनची नळी पोहोचेल तेवढ्या फरशीपुरता उरला.

निवृत्तीपर्यंत त्यांनी इथल्याच एका शाळेत गणित शिकवलं. पलंगावर पडल्यापडल्या त्यांनी मुलांसाठी पटावरचा एक खेळ तयार केला. १८५७ सालचा लखनौचा वेढा, तहखान्यात म्हणजे तळघरात अडकलेली शहरातली तीन कुटुंबं, धान्य म्हणून राजम्याचे दाणे. दर फेरीला दाणे घरातल्या माणसांत समान वाटायचे, उरतील ते सडले म्हणून टाकायचे आणि दरवाजा उघडेपर्यंत तग धरायचा. कुणाचाच तग लागत नसे. शाळेच्या मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "मॅडम, बच्चे हर बार मरेंगे तो दोबारा कौन खेलेगा?" ताईंचं उत्तर, "मग भागाकार बदलू का मी?" पण खेळ शाळेत पोहोचावा, ही एकच इच्छा त्यांना उरली होती. "मी नाही तर निदान तो तरी जिना उतरेल," म्हणत.

खेळ करणाऱ्यांची एक रीत असते. चाचणीत मुलांच्या हाती फक्त नियमांचा कागद द्यायचा, बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. नात सई आणि तिच्या दोन मैत्रिणी पटाभोवती बसल्या. सतरा दाणे, पाच माणसं, प्रत्येकी तीन, उरले दोन. सईने ते दोन पटाच्या मधोमध ठेवले. मैत्रिणींनीही आपापले तिथेच ठेवले. ताईंचा हात वर गेला.

"ताई, बोलायचं नाही," मी म्हटलं.

पुढे ज्या घराला कमी पडलं, त्याने त्या ढिगातून घेतलं. तिन्ही कुटुंबं बाहेर पडली.

"उरलेले टाकायचे असतात गं," ताई शेवटी म्हणाल्या.

"कहाँ लिखा है, आजी?"

कागदावर खरंच नव्हतं. वर्गात सगळं तोंडी सांगायची सवय, नेमका तोच नियम लिहायचा राहिला होता. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं. "राहू दे. निघाली ना ती बाहेर."

शाळेने खेळ घेतला. ताई त्यानंतर पलंगावरून उठल्या नाहीत.

परवा वर गेलो. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं आहे, पलंगाची जागा मोकळी आहे. तिथे, फरशीवर, पट मांडलेला होता. सई एकटीच तिन्ही कुटुंबं खेळते. दरवाजा उघडायला एक फेरी उरली होती आणि दाणे पुरेसे होते.

"काढ की आता त्यांना बाहेर," नितीन म्हणाला.

"अभी नहीं, पापा," ती म्हणाली आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून तिने पट भिंतीकडे सरकवला.