लिनफोर्डची हजेरी

आमच्या बेटावरचं मँडेव्हिल डोंगरात वसलेलं, तिथलं जानेवारीतलं धुकं उन्हालाही दाद देत नाही. त्या शुक्रवारी ते संघाच्या कचेरीच्या पायरीवर ठाण मांडून बसलं होतं. मी रविवारच्या मेळ्यासाठी खुर्च्या पुसत होतो. दुसरी पुसून होईस्तोवर पहिली पुन्हा ओली. मागच्या दारात मिस डल्सी मांडीवर परात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होत्या. नारळाच्या दुधातला तुरीचा भात नसला तर आमची म्हातारी मंडळी पुढल्या वर्षी तोंड दाखवत नाहीत.

मिस डल्सी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाच्या चिटणीस, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्यांचा नवरा लिनफोर्ड इथल्याच शेतकीच्या पहिल्या तुकडीतला. ऑगस्टात संत्र्याच्या झाडाला आळं करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. घरामागं त्याच झाडांत त्याला पुरला.

मेळ्याच्या रविवारी चॅपलमध्ये वर्षभरात गेलेल्यांची हजेरी होते. नाव पुकारायचं, आणि त्याच्या तुकडीतल्या कुणीतरी उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. चाल जुन्या वसतिगृहातली. पोरं कुंपणावरून उड्या टाकून नाचायला पळायची आणि मागं राहिलेला सोबती रेक्टरला त्यांच्या नावानं ओ द्यायचा. मेल्यावरही तेच. बायकापोरांनी मात्र तोंड उघडायचं नाही. तो मान सोबत्यांचा.

लिनफोर्डच्या तुकडीतले जे उरलेत ते सगळे ब्रुकलिनला. दरसाल तिथली शाखा घोळक्यानं यायची, ओरडत, एकमेकांच्या टकलांवर टपल्या मारत. यंदा त्यांनी ठरवलं की मेळा आपला आपण भरवायचा, तिथंच, त्याच रविवारी. गुडघे गेलेत, विमानतळावर चाकाच्या खुर्चीसाठी ताटकळत बसणं होत नाही, असं म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

बरं, शाखेला असं परस्पर ठरवता येतं कुणामुळे? तर मिस डल्सींमुळेच. पूर्वी शाखेनं साधा नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवायचा म्हटलं तरी इथून परवानगी लागायची. ब्रुकलिनवाले चिडून फुटायच्या बेतात आले, तेव्हा याच बाईंनी भर सभेत सुनावलं होतं की लेकरानं वेगळं घर मांडलं, आता त्याच्या पातेल्याचं झाकण उघडून बघायचं नाही. नियमही त्यांनीच लिहिला. शाखा स्वतंत्र, संघानं विनंती करावी, हुकूम करू नये. लिनफोर्डनं बाक बडवून दाद दिली होती.

मिस डल्सींचे हात तुरीत अडकलेले, म्हणून ब्रुकलिनच्या अध्यक्षाला, एव्हरल्डला, फोन मीच लावून परातीशेजारी ठेवला.

“एक माणूस पाठव रे,” मिस डल्सी म्हणाल्या. “एकच. वसतिगृहातला त्याचा सोबती बस्टा आला तरी चालेल.”

“बस्टाचं दिवसाआड रक्त धुतात, मिस डी. त्याला कुठं विमानात कोंबता? आणि लिनफोर्डचं नाव आम्ही घेणारच आहोत. अख्खी तुकडी उभी राहील.”

“तो तिथं नाही, एव्हरल्ड. तो इथं आहे, माझ्या संत्र्यांत.”

मग तो हळूच म्हणाला, “हुकूम आहे का तुमचा?”

“विनंती आहे.”

“ती सभेपुढं ठेवली होती, बाई. मतं पडली.”

फोन बंद झाल्यावर मीच तापलो. म्हटलं, विद्यापीठाचं नाव काढून घ्या त्यांच्याकडून, मग येतात का नाही बघू. त्या म्हणाल्या, नाव त्यांनी तिकडं रीतसर नोंदवलंय, आणि नोंदवा म्हणून मागं लागणारी मीच. मग मी सुचवलं की धाकट्या तुकडीतले सीली मास्तर ओ द्यायला तयार आहेत.

“गेल्या साली एनिडचं पोरगं बापासाठी उठलं होतं,” मिस डल्सी म्हणाल्या. “त्याला खाली कुणी बसवलं?”

मी खुर्ची पुसत राहिलो.

“मीच ना? रडणाऱ्या पोराला नियम सांगितला मी. आता माझ्या नवऱ्यासाठी वाकवू होय?”

रविवारी नावं वाचायचं काम माझ्याकडं होतं. इतर नावांना कुठून ना कुठून ओ आली. मायामी शाखेची दोन माणसं आवर्जून आली होती. लिनफोर्ड पिनॉक म्हटलं आणि थांबलो. सीली मास्तरांनी बाकाची कड घट्ट धरली, पण ते उठले नाहीत. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदाही पुकारलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मिस डल्सी पुढल्या रांगेत ओठ आवळून बसल्या होत्या, हातातला पंखा तेवढा चालू. तीनदा पुकारून ओ नाही आली तर पुढं जायचं, हाही नियमच. मी पुढलं नाव घेतलं.

जेवणाच्या पंगती उठत होत्या तेव्हा एव्हरल्डचा फोन आला. सगळे उभे राहिले, म्हणाला, छत हादरलं. मिस डल्सींनी मनापासून आभार मानले. मग विचारलं, “बस्टा बोलला का?”

“बोलला. पण सगळ्यांच्या मागून. त्याला उठायलाच वेळ लागला.”

“वसतिगृहातही असाच उशिरा ओ द्यायचा,” त्या म्हणाल्या. “लिनफोर्ड दोनदा पकडला गेला त्याच्यापायी.”

फोन माझ्या हाती देऊन त्या मागं गेल्या. भाताचं मोठं पातेलं रिकामं झालं होतं, बुडाला खरपुडी धरली होती. त्यांनी त्यात पाणी ओतलं, बाह्या वर सारल्या आणि नारळाच्या काथ्यानं घासायला बसल्या.