कानवाल्यांनी पसंत केलेली गाडी

चढणीच्या पायथ्याशी गॅरेज होतं तोवर मिस्त्रींना कोणी नावानं हाक मारली नाही. ते कानवाले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि गाडीवाल्याचा जीव टांगणीला लावून खुशाल उभं राहायचं, ही त्यांची तऱ्हा. मग डोळे उघडून ते म्हणत, "बेअरिंग बोलायला लागलंय." उघडून बघावं तर तेच निघे. बायको म्हणायची, "इंजिनाच्या पोटातलं कळतं, आणि मी साखर संपली म्हणून ओरडतेय ते कळत नाही." ते नुसते हसत. साखरेचं त्यांना स्वच्छ ऐकू येत असे, उठायचा कंटाळा असे इतकंच. पुढे पुढे मात्र साखरेचं खरंच ऐकू येईनासं झालं.

जन्मभर हातोड्या आणि हॉर्न ऐकलेल्या कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं. बायको गेली, गॅरेज विकलं, तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. पण कानवाले बहिरे झाले हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं? त्यांनी सांगितलंच नाही. लोक बोलले की मान डोलवायची, हसले की हसायचं. लेकीशी मात्र त्यांचं छान जमे. ती बोलायची तर समोर येऊन, तोंडाकडे तोंड करून, सावकाश. शाळेत शिकवते, वर्गाची सवय असेल, असं ते समजत.

याच लेकीची उन्हाळ्यात वरच्या डोंगरातल्या शाळेत बदली झाली. जावई कामासाठी सदा बाहेरगावी, लहानगी नात कडेवर, तिलाही बरोबर न्यायचं. रोज चढ चढून जायचं म्हणजे गाडी हवी, आणि नवी घेण्याइतकी ऐपत नव्हती. तिनं एक जुनी गाडी हेरली आणि बापासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही पसंत केलीत तरच घेणार. चला."

कानवाल्यांनी कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. किती दिवसांनी हाताला लागला होता! विकणारा इंजिन सुरू करून, बॉनेट उघडून अदबीनं बाजूला झाला, जाणारे-येणारे दोघे-तिघे थांबले. त्यांनी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. ऐकू काही आलं नाही. मुठीत थरथर जाणवत होती, बाकी सगळं सामसूम. डोळे उघडले तर सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि लेक हसत होती, अगदी आईसारखी.

"इंजिन शांत आहे," ते म्हणाले. "घे."

इतकं शांत इंजिन त्यांनी खरोखरच आयुष्यात ऐकलं नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गाडीनं कुरकुर केली नाही. मग थंडी पडली आणि एके दिवशी लेक तोंड उतरवून आली. गाडीतला हीटर चालत नव्हता. नुसती कोमट वाफ सोडल्यासारखा वारा, आणि चढ संपून सपाट रस्ता लागला की तोही गार. नात शाळेपर्यंत पोचायची ती लाल नाक घेऊन, आठवडाभर शिंकत होती. पेट्रोलही जास्त लागत होतं. "आणि तो तापमानाचा काटा जागचा हलतच नाही, बाबा. मला वाटलं, इंजिन थंड राहतंय म्हणजे चांगलंच आहे."

"चांगलं कसलं," ते म्हणाले. "इंजिनाला पण अंगात ऊब लागते. गार इंजिन पेट्रोल पितं आणि आतून झिजतं."

हे म्हणताना त्यांना गाडी पसंत केली तो दिवस आठवत होता. त्या दिवशी मुठीत थरथर होती, तिच्यात काहीतरी वाजत असणार. पूर्वीच्या कानांनी ते पकडलं असतं. आपण ऐकू न येता मान डोलावली, नेहमीसारखी, आणि पोरीनं त्या मानेवर गाडी घेतली. आता इंजिनच खोलायची वेळ आली तर ती कुठून निस्तरणार होती? त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभी राहून गाडी गारढोण झाली असतानाच ते अंगणात उतरले. असल्या दुखण्याची पहिली अट तीच, इंजिन थंडपणापासून बघायचं. पाणी पाहिलं, बरोबर होतं. लेक चालकाच्या जागी बसली. पूर्वी गॅरेजात गाडी तपासताना त्या जागी तिची आई बसायची. कणकेचे हात तसेच ठेवून यायची, एका बोटानं स्टिअरिंग धरायची आणि ते हातानं खूण करतील तसा पाय दाबायची. शेजारणी म्हणायच्या, हिला गाडी चालवता येते. तिला फक्त उभी गाडी चालवता येत होती.

त्यांनी खूण केली, लेकीनं चावी फिरवली. रेडिएटरचा पंखा उगाच फिरत नाही ना पाहिलं, तो थांबलेलाच होता. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीवर त्यांनी पंजा ठेवला आणि वाट बघत राहिले. पंज्याला काही कळेना. चटके खाऊन खाऊन त्या तळव्याचं कातडं चपलेसारखं झालं होतं. कान गेले, आता हातही गेला की काय?

तेव्हा त्यांना लेकीचा ताप आठवला. ती रांगत असेल तेव्हा. त्यांनी कपाळावर पंजा ठेवून सांगून टाकलं होतं, "काही नाही, गार आहे," आणि कामाला निघाले होते. बायकोनं दारातून मागे ओढलं. त्यांचा हात धरला, उलटा केला आणि पोरीच्या कपाळाला टेकवला. पोर चुलीसारखी तापली होती. "ह्या बाजूनं बघत जा," ती म्हणाली, "पलीकडची बाजू तुम्ही गॅरेजला देऊन टाकलीय." तेव्हापासून घरातल्या माणसांसाठी ते हाताची उलटी बाजू वापरत. गाडीसाठी कधी गरज पडली नव्हती.

त्यांनी हात उलटा केला. नळी कोमट होती. नुकतीच तर गाडी सुरू झाली होती, आणि नळी आत्ताच कोमट! इंजिन तापेपर्यंत ही नळी गार राहायला हवी. तापलं की आतला वॉल्व्ह उघडतो आणि मग ती एकदम गरम होते. इथे पाणी पहिल्यापासून मोकाट फिरत होतं. त्यांनी गाडी बंद करायची खूण केली, पान्हा घेतला, वॉल्व्हची टोपी खोलली आणि आत बघून मोठ्यानं हसले. आत वॉल्व्ह नव्हताच. कुठल्याशा गरम गावातल्या मिस्त्रीनं, गाडी तापते म्हणून, तो उपटून फेकून दिला होता.

"कोण हा शहाणा?" लेकीनं समोर येऊन विचारलं.

"माझ्यासारखाच कुणीतरी. मी काय कमी उपटले?" चढणीच्या पायथ्याशी वाफा सोडत गाड्या यायच्या, आणि ते वॉल्व्ह काढून पत्र्याच्या डब्यात टाकायचे. तेच लेकीचे भातुकलीचे पेले. ती त्यातून सगळ्या गॅरेजला चहा पाजायची, आणि गिऱ्हाईकंसुद्धा मुकाट्यानं पीत.

इंजिनात वाजण्यासारखं काही नव्हतं तर. कुठल्याच कानाला हे ऐकू आलं नसतं. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

लेक बाजारातून नवा वॉल्व्ह घेऊन आली. तो उघडतो का हे न बघता तसाच बसवणं त्यांच्या जुन्या शिस्तीत बसत नव्हतं. दुधाच्या पातेल्यात पाणी ठेवून त्यांनी तो दोऱ्यानं आत सोडला. याच पातेल्यावरून बायकोशी किती वाजलं असेल! पाणी खदखदायच्या बेतात आलं आणि वॉल्व्हनं हळूच तोंड उघडलं. लेक लहानपणी टाळ्या पिटायची, आताही तिनं नातीला उचलून दाखवलं. नातीनंही तोंड उघडलं.

वॉल्व्ह बसवला, पाणी भरलं, गाडी पुन्हा सुरू केली. नातीला मागच्या सीटवर बसवून लेक बापाजवळ येऊन उभी राहिली. दोघांनी हात उलटे करून नळीवर टेकवले. नळी गार होती. आता थांबण्याखेरीज काम नव्हतं, आणि तो उरलेला अर्धा जीव त्यांना गप्प बसू देईना.

"पोरी, ही गाडी घेताना मी ऐकलं ना..."

"तुम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. मला ठाऊक आहे."

त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ वाचण्यात चूक झाली नव्हती.

"आदल्या दिवशीच मी चौकातल्या गॅरेजवाल्याला दाखवली होती. तो म्हणाला, इंजिन उत्तम आहे."

"मग मला कशाला नेलंस?"

"तुम्हाला न दाखवता घेतली असती तर महिनाभर बोलला नसतात माझ्याशी. आणि तुम्हाला स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावलेलं मला बघायचं होतं."

त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. "कधीपासून कळलंय तुला?"

"आईनं सांगितलं. आजारी होती तेव्हा. म्हणाली, त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन बोलत जा, मागून त्यांना ऐकू येत नाही. आणि ऐकू येत नाही असं म्हणू नकोस, त्यांना लागेल."

हाताखालची नळी एकदम गरम झाली. लेकीनं हात मागे घेतला, त्यांनी तसाच राहू दिला. काचेतून नात दिसत होती. तिनं डोक्यावरची लोकरीची टोपी ओढून काढली होती आणि हीटरच्या वाऱ्यात तिचे केस उडत होते.

बायको शेवटची काही वर्षं साखर संपली म्हणून स्वयंपाकघरातून कधी ओरडली नव्हती. गॅरेजात यायची, पदराला हात पुसत त्यांच्या आणि इंजिनाच्या मध्ये उभी राहायची, आणि मग सांगायची. कामात आडवी येते म्हणून ते दर वेळी तिच्यावर वैतागत.